चंद्राची भाकर किती दिवस भाजणार?



गेल्या महिन्याच्या बैठकीत एका नव्या पोराने भीत भीत कविता वाचली. कवितेत एवढंच होतं की वस्तीतली लाईट गेलीय, उकाड्यानं माणसं रस्त्यावर येऊन बसलीत, आणि पाण्याच्या टाकीमागनं पुनवेचा चंद्र वर येतो. सगळे थोडा वेळ गप्प होतात. बस्स. शेवटच्या कडव्यात मात्र त्या चंद्राची भाकर होते, भाकरीचा बॉम्ब होतो आणि बॉम्ब वाड्यावर पडतो. टाळ्या पडल्या त्या शेवटच्या कडव्याला. वर कुणीतरी सुनावलं, "पहिल्या आठ ओळी काढून टाक. ते सदाशिवपेठी काम आहे. चंद्र आपला नाय."

मी त्या दिवशी बोललो नाही, तिसऱ्या पाळीला जायचं होतं. आता बोलतो. मी समीक्षक नव्हे. नववी नापास, वाचनालयात बसून जे वाचलं त्याच्या जोरावर बोलतोय. चुकलं तर पुढच्या अंकात फाडा.

चंद्र आपला नाय म्हणणाऱ्याचा राग मला कळतो. पांढरपेशा कवितेनं चंद्राला गच्चीवर नेऊन बसवलं. गोरं मुखडं, झोपाळा, कोजागिरीचं आटवलेलं केशरी दूध. ज्याची गच्ची त्याचा चंद्र. आणि ग्रहणाचं प्रकरण तर त्याहून वाईट. राहू-केतू म्हणजे महार-मांग, त्यांनी चंद्र गिळला, अशी समजूत गावोगाव होती. ग्रहण लागलं की आमची माणसं 'दे दान सुटे गिराण' ओरडत गावातनं फिरायची आणि ग्रहण सुटलं की गाव आंघोळ करायचं. सावली पृथ्वीची, हे आज शाळेतलं पोरगं सांगेल. पण तिचं पाप आमच्या नावावर लिहिलं गेलं. ज्याला आमचा विटाळ होत होता त्याच्यावर आम्ही कविता का करावी? सवाल रास्त आहे.

पण म्हणून चंद्र त्यांनाच देऊन टाकायचा? मग २० मार्च १९२७ ला महाडला कशाला गेलो होतो? चवदार तळ्याचं पाणी पिऊन आपण अमर होणार नाही, हे बाबासाहेबांनीच सांगितलं होतं. तरी ते ओंजळीनं प्याले. पाणी चवीला कसं होतं हा मुद्दा नव्हताच. पण त्या दिवशी जो प्याला त्याची तहानही भागली असेल की नाही? त्या तहान भागण्याबद्दल आपण कधी लिहीत नाही.

आता भाकरीचं. नारायण सुर्व्यांनी १९६२ च्या 'ऐसा गा मी ब्रह्म' मध्ये चंद्र भाकरीशेजारी आणून बसवला तेव्हा ते नवं होतं आणि खरं होतं. गिरणगावात वाढलेल्या माणसाचा तो हिशोब होता, युक्ती नव्हती. त्याला साठ वर्षं उलटून गेली. आपण अजून तीच भाकर तव्यावर उलटतोय. करपली की हो ती! पोटभर जेवून उठलेल्यालाही आता ही प्रतिमा सहज सुचते. मला सुचलीय. डब्यातलं मटण खाऊन मी उपाशी चंद्रावर कविता लिहिलीय, टाळ्याही घेतल्यात. नंतर वही उघडली तर अशा अकरा निघाल्या. फाडल्या. जे खरंच उपाशी झोपतात त्यांची भूक चोरून आपण आपल्या ओळी गरम करतो.

दुसरी गोष्ट, आपल्या कवितेत सूर्य फार. बाबासाहेब सूर्य, विद्रोह सूर्य, उद्याचा दिवस सूर्य. त्याला माझी ना नाही. पण चंद्र म्हणजे उधारीच्या उजेडाचा, भेकड, असं ठरवून टाकलंय. विज्ञान वाचा जरा. चंद्राची जमीन डांबरी रस्त्यासारखी काळपट आहे. अंगावर पडलेल्या उजेडातला साधारण बारा टक्केच ती परत फेकते. कवी लोकांचा 'गोरा' चंद्र काळा आहे! २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं चांद्रयान तिथं उतरलं, तरी कवितेतला चंद्र अजून पावडर लावूनच फिरतोय.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. खिडक्या बंद, हवा दमट, ट्यूबलाईट, नाकात कापूस. रात्री साडेतीनला चहाची सुट्टी होते. पुनवेच्या रात्री मी गाठींच्या गोदामामागे जाऊन उभा राहतो. तोवर चंद्र डोक्यावरून पश्चिमेला कललेला असतो. थंडीत खूप उंचावर, वैशाखात खाली. मशीनचा आवाज भिंतीतनं येतच असतो, पण अंगावरचे कापसाचे तंतू पांढरे दिसायला लागतात. पहारेकरी बिडी ओढतो, मीही काही बोलत नाही. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मला भाकर आठवत नाही, क्रांतीही आठवत नाही. बरं वाटतं. हे बरं वाटणं लपवायला मी दोन वर्षं घालवली. आपल्यात बालकवी आवडतात म्हणायची चोरी, तसंच हे.

माझ्या आजीचा बाप गावची राखण करायचा. वतनातलं काम, रात्रभर फिरायचं. आजी सांगते, "पुनवंला बा कंदील घेत नव्हता. म्हणायचा, आज सरकारी दिवा हाय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी राबणूक तेवढी ऐकली. दुसऱ्यांदा ऐकताना आजीचा आवाज ऐकला. बाप हसत सांगायचा, म्हणून ती पण हसत होती. हे हसू कुठल्या खात्यात टाकायचं? पांढरपेशांच्या?

आणि नागपूर. १४ ऑक्टोबर १९५६. लाखोंची धम्मदीक्षा. सकाळच्या त्या सोहळ्याबद्दल आपण किती लिहिलं, आणि लिहायलाच पाहिजे. पण तो दसरा होता, म्हणजे रात्री दशमीचा चंद्र होता. मध्यरात्र उलटून गेल्यावर मावळला असेल. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांचं भाषण व्हायचं होतं. दुरून आलेली, पांढरी लुगडी-धोतरं नेसलेली माणसं उघड्यावर पडली होती. बौद्ध झाल्याची पहिली रात्र. त्यातलं कुणी जागं राहून वर बघितलं नसेल? ती रात्र आपल्या कवितेत कुठंय, मला अजून सापडली नाही. कुणाला माहीत असेल तर कळवा.

म्हणून संपादकांना विनंती. त्या पोराची कविता छापा. पहिल्या आठ ओळी जशाच्या तशा ठेवा, टाकीसकट. शेवटचं कडवं काढून टाका. त्याला मी विचारलंय. तो म्हणाला, ते मी बैठकीसाठीच जोडलं होतं.

जयभीम.