वाक्य आणि वक्ता : इंग्रज कादंबरीकारांच्या सुभाषितांविषयी

गोव्यातील पेडणे व डिचोली हे तालुके मराठी वाचनाचे जुने माहेर आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीज अमलाखाली गेले, तरी तेथील कीर्तन, भजन आणि पोथीवाचन मराठीतच चालू राहिले. १९६१ नंतर गोव्यात गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि मराठी शाळेबरोबर फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक सुविचार लिहिण्याची चालही आली. तेरेखोलच्या पलीकडे, पेडण्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या शिरोड्यास वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत शिक्षक होते. त्यांच्या कादंबऱ्यांतील वाक्ये वहीत उतरवून घेणारे वाचक या भागात आणि साऱ्या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या झाले. अशा वह्यांत डिकन्स, जॉर्ज एलियट यांची वाक्येही भाषांतरित होऊन येतात, आणि तेथून ती व्यासपीठावर व उपदेशपीठावर जातात.

या सवयीची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. चांगले वाक्य जपून ठेवावेसे वाटणे ही वाचनाच्या प्रेमाचीच खूण होय. परंतु कादंबरीतून वेचून काढलेले शहाणपण हे त्या कादंबरीचे शहाणपण असते काय, हा प्रश्न उपदेशकाने तरी स्वतःस विचारला पाहिजे.

हा प्रश्न खुद्द इंग्लंडातच उपस्थित झाला होता. अलेक्झांडर मेन नावाच्या स्कॉटिश चाहत्याने जॉर्ज एलियटच्या ग्रंथांतील चतुर, शहाण्या व हळव्या वचनांचा एक संग्रह केला; तो १८७२ सालचा. लेखिकेने त्यास संमती दिली, पण तिचे मन निःशंक नव्हते. वेचलेल्या उताऱ्यांपेक्षा समग्र कृतीनेच वाचकाचे मन हलत नसेल, तर आपले लेखन फसले असे समजावे, अशा आशयाचे तिने आपल्या प्रकाशकास लिहिले. तिची भीती अनाठायी नव्हती. माणूस जे होऊ शकला असता ते होण्यास कधीच उशीर झालेला नसतो, या अर्थाचे एक वाक्य आज तिच्या नावाने जगभर फिरते. तिच्या एकाही पुस्तकात ते आढळलेले नाही.

तिच्या ‘अ‍ॅडम बीड’ (१८५९) या कादंबरीतील मिसेस पॉयझर ही शेतकऱ्याची बायको पाहा. तिची जीभ कोयत्यासारखी. तिचे एक बोलणे त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटात एका सभासदाने उद्धृत केले. लोकांस वाटले, या गावच्या जुन्या म्हणी असाव्यात. लेखिकेने सांगितले की त्यांतील प्रत्येक वाक्य तिच्या स्वतःच्या टांकसाळीतले आहे. संग्रहकाराला याहून अधिक काय हवे? पण पुढे मिस्टर पॉयझरच्या पुतणीवर, हेटीवर, स्वतःच्या तान्ह्या बाळाच्या हत्येचा आरोप येतो. घराण्याची अब्रू गेली म्हणून सौम्य स्वभावाचा पॉयझर कठोर होतो. आणि सदा फटकारणारी त्याची बायको त्याच्याइतकी कठोर होत नाही, हे पाहून गावच्या पाळकासही आश्चर्य वाटते. या बाईचे खरे शहाणपण येथे आहे, आणि ते कोणत्याही वहीत उतरून घेता येत नाही, कारण ते वाक्यात नाही. पुढे डायना मॉरिस ही मेथडिस्ट उपदेशिका तुरुंगाच्या कोठडीत हेटीजवळ रात्र काढते. तेथे विनोदाला वाव नाही, सुभाषितालाही नाही. ज्या लेखिकेने स्वतः परंपरागत श्रद्धा सोडली होती, तिने हे प्रकरण लिहिले, याचा आम्ही विचार करावा.

जेन ऑस्टिन ही तर पाळकाचीच कन्या. तिच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) मध्ये मिस्टर कॉलिन्स नावाचे धर्मोपदेशक आहेत. नात्यातील मुलगी लिडिया घरातून पळून गेली, तेव्हा ते सांत्वनपर पत्र पाठवितात, की याहून ती मेली असती तर बरे झाले असते. तिचे लग्न झाल्यावर पुन्हा लिहितात : ख्रिस्ती या नात्याने तिला क्षमा जरूर करा, पण तिला समोर उभी करू नका, तिचे नावही घेऊ देऊ नका. यावर मुलीचे वडील मिस्टर बेनेट जो टोला मारतात, त्याचा भाव असा, की या गृहस्थांची ख्रिस्ती क्षमेची कल्पना ही एवढीच! वाचक हसतो, आणि योग्यच हसतो. पण ऑस्टिन येथे थांबत नाही. कादंबरीतील सर्वांत चतुर बोलणारा बेनेट हाच आपल्या कुटुंबाची हेळसांड करणारा बाप आहे. त्याचा विनोद ही कर्तव्यातून निसटण्याची पळवाट होती. लिडिया गेल्यावर तो स्वतःच दोष आपल्याकडे घेतो. त्याची वाक्ये वेगळी काढली तर तो ज्ञानी दिसतो. कादंबरीत ठेवली तर तीच वाक्ये त्याच्याविरुद्ध साक्ष देतात.

ही गोष्ट पेडण्याच्या रसिकास नवी नाही. दशावतारात संकासुर येतो, विक्षिप्त बोलून सभेला हसवितो. पण तो वेद चोरणारा असुर आहे हे कोणी विसरत नाही. बोलणे कोणाचे आहे हे प्रेक्षक सोंगावरून ओळखतो. छापील वाक्याला मात्र सोंग नसते.

पवित्र शास्त्रातही हाच धडा आहे. ईयोबाचे मित्र जे बोलतात त्यांतील कितीतरी वचने भिंतीवर टांगण्याजोगी आहेत. तरीही शेवटी परमेश्वराचा कोप त्यांच्यावरच होतो. कोणी म्हणेल, अलीफजाचे एक वचन पौलाने करिंथकरांस लिहिताना शास्त्र म्हणून घेतले आहेच. ते खरे आहे. वचन खोटे नव्हतेच. राखेत बसलेल्या दुःखिताला ते ज्या हेतूने ऐकविले, तो हेतू खोटा होता. कॉलिन्सच्या पत्रातला ‘क्षमा’ हा शब्दही खोटा नाही.

मराठी कादंबरीचा आरंभ बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ने १८५७ साली झाला, असे बहुधा मानतात. म्हणजे या वाङ्मयप्रकाराशी मराठी ख्रिस्ती मंडळीचे नाते जुने आहे, आणि ते प्रथमपासून बोधाचे आहे. बोध सोडावा असे आम्ही म्हणत नाही. कादंबरीचा बोध तिच्या माणसांतून घ्यावा, एवढेच आमचे म्हणणे. म्हणून आमच्या तरुण उपदेशकांस एक साधी सूचना करतो : एखाद्या इंग्रज कादंबरीकाराचे वाक्य प्रवचनात घेण्यापूर्वी ते कोण, कोणास, कोणत्या प्रसंगी बोलले हे सांगता येईल काय, ते पाहावे. येत नसेल, तर त्या आठवड्यात ते वाक्य बाजूस ठेवावे आणि कादंबरी वाचावयास घ्यावी.