संगणक का थांबतात?

संगणक बंद पडला की आपला पहिला संशय यंत्रावर जातो. टँडम कंपनीतील जिम ग्रे यांचा १९८५ सालचा अहवाल नेमका हाच समज मोडतो. टँडमचे संगणक बँकांसारख्या ठिकाणी अखंड चालावेत म्हणून बनवलेले. महत्त्वाचा प्रत्येक भाग दुहेरी. ग्राहकांनी कळवलेल्या बिघाडांतून नव्या यंत्रांची बालदुखणी (सुमारे एक तृतीयांश!) वगळून ग्रे यांनी हिशेब मांडला. यंत्रभागांमुळे १८ टक्के, आज्ञावलीतील दोषांमुळे २५ टक्के आणि चालवणे, जुळणी, देखभाल या माणसांच्या कामांमुळे ४२ टक्के. त्यातही निम्म्याहून अधिक वाटा देखभालीचा. म्हणजे दुरुस्तीला हात घातला आणि चालते यंत्र थांबले!

पण हे आकडे जपून वाचावेत. यंत्रभाग बिघडतच होते. एक बिघडला की जोडीदार काम उचलत होता, म्हणून संगणक थांबत नव्हता. माणसाच्या चुकीला असा जोडीदार नव्हता. तेव्हा ४२ टक्के हे निष्काळजीपणाचे माप नव्हे. माणसाच्या हाती कमीत कमी कामे ठेवा, हा ग्रे यांचा उपाय आम्हाला पटतो. मात्र माणूस चुकला तेव्हा रात्रपाळी होती का, सूचनापुस्तिका समजण्याजोगी होती का, याची विचारपूस अहवालात फारच थोडी आहे.