हळदीतलं ‘झिंगाट’

डाळजला आमच्या शेताच्या बांधावरून उजनीचं पाणी दिसतं. पाण्यापलीकडे करमाळा तालुका. ‘सैराट’चं बरंचसं चित्रीकरण तिकडचं, म्हणून 2016 साली आम्ही त्याची गाणी ‘आपली’ म्हणून ऐकली. गेल्या महिन्यात चुलत भावाच्या हळदीला ती पुन्हा ऐकली. ‘झिंगाट’ लागलं आणि अख्खं घर नाचायला उतरलं. चुलतेही नाचले, मीही नाचलो.

ताई तेवढी नव्हती. नवऱ्या मुलाची सख्खी बहीण. चार वर्षांपूर्वी तिनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी घेत नाही. पत्रिकेतही नव्हतं.

ज्या सिनेमात अशाच लग्नापायी मुलीच्या घरचे जीव घेतात, त्याच सिनेमाच्या गाण्यावर आम्ही हळद खेळलो. हे डोक्यातून जाईना. म्हणून नंतरच्या आठवड्यात रोज संध्याकाळी बांधावर बसून तीन अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. मधलं एकही गाणं न गाळता.

आधी अर्थात ‘सैराट’. अजय-अतुल यांची चारच गाणी. त्यांतला सिंफनी ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केलेला. हेडफोन लावून ऐकलं की कळतं, ‘याड लागलं’मधली व्हायोलिन्स त्या पोराच्या साध्या ओढीला केवढं मोठं आभाळ देतात. आमच्याकडच्या पोरांच्या प्रेमाला एवढा मान आधी कुणी दिला होता? या अल्बमची ताकद ती. पण चारही गाणी सिनेमाच्या पहिल्या भागातली आहेत. दोघं पळून गेल्यावर नागराज मंजुळे यांच्या सिनेमात गाणंच नाही. पडद्यावर ती शांतता अंगावर येते. अल्बममध्ये मात्र ती नाहीच. म्हणजे नुसता अल्बम ऐकणाऱ्याला प्रेम मिळतं, त्याची किंमत कळत नाही. आम्ही नाचू शकलो ते त्यामुळेच.

मग ‘चेतावनी’. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप करणाऱ्या गटाचा 2020 चा अल्बम. एमसी मवाली यांची मराठी कानाला खडबडीत लागते आणि ते चांगलंच आहे. ती कुणाची मनधरणी करत नाही. याच गटानं 2019 मध्ये आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं होतं. धरणाच्या काठावर बसून असा राग ऐकला की तो परका वाटत नाही. आमच्याकडेही जुनी गावं पाण्याखाली आहेत, पाणी खूप उतरलं की पळसदेवचं मंदिर वर येतं. पण सलग ऐकताना आवाजाची पट्टी सारखी चढलेली राहते आणि मी थकलो. शिवाय सत्तेला सुनावणारी भाषा मला इथे मिळाली, चुलत्यांशी बोलायची नाही मिळाली.

शेवटी ‘अभंग तुकयाचे’. लता मंगेशकरांचा आवाज, श्रीनिवास खळे यांचं संगीत. तुकोबांची पालखी आमच्या तालुक्यातून जाते, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी. त्यामुळे हे अभंग मी लहानपणापासून भजनातच ऐकलेले. टाळ-मृदंगाच्या गजरात शब्द पुष्कळदा वाहून जातात. खळे तसं होऊ देत नाहीत. वाद्यं मोजकी, आवाज पुढे. त्यात सासरी निघालेल्या लेकीचा अभंग आहे. ती वळून वळून माहेराकडे बघते, आणि तुकोबा म्हणतात की विठ्ठलासाठी माझा जीव तसाच झालाय. लताबाई तिथे रडत नाहीत. सूर जरासा थबकतो, एवढंच.

आमच्या ताईला वळून बघायलाही मिळालं नाही. ती रात्री गेली.

तिघांत मला हा अल्बम सर्वांत मोठा वाटतो. जुना म्हणून किंवा देवाचा म्हणून नव्हे. गेलेल्या मुलीची बाजू त्यात न ओरडता उभी आहे, आणि आमच्या चुलत्यांना तो पाठ आहे. दर एकादशीला तो अभंग ते स्वतः म्हणतात.

येत्या एकादशीला भजन संपल्यावर त्यांच्याशेजारी बसून विचारणार आहे, ‘नाना, ताईला फोन लावू का?’ तीन अल्बमांबद्दल लिहिणं त्या मानानं सोपं होतं.