दुरुस्तीचे गुणपत्रक आणि राहून गेलेला प्रश्न

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील एक जुना लॅपटॉप सुरू होईना. पडदा उजळे, आतून टकटक आवाज येई, पुढे काही नाही. हार्ड डिस्क गेली होती. बाकी यंत्र ठणठणीत होते. चंदगडला डिस्क मिळाली नाही. आम्हाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, म्हणून तिकडे गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "जोडणी कोणती आणि जाडी किती?"

प्रश्न अगदी योग्य होता. जुन्या लॅपटॉपमधील डिस्क बहुधा अडीच इंची असते; तिची रुंदी सुमारे ७० मिलिमीटर भरते. साधारण २००५ पर्यंतच्या लॅपटॉपांत ४४ पिनांची आयडीई जोडणी असे. पुढे साटा आली. तिच्यात पिना नसतात. ७ आणि १५ संपर्कांच्या दोन चपट्या पट्ट्या असतात. एकीची डिस्क दुसरीत बसत नाही. जाडीही ९.५ किंवा ७ मिलिमीटर अशी वेगवेगळी असते. पातळ डिस्क जाड खणात बसवता येते, उलटे जमत नाही.

आमची डिस्क साटा निघाली. तिच्या जागी दुसऱ्याच कंपनीची, फिरते भाग नसलेली साटा डिस्क बसवली आणि लॅपटॉप चालू झाला. हे कशामुळे जमले? जोडणी आणि मापे सर्व उत्पादकांनी सामाईक मानली होती म्हणून. त्याच जोडणीचा कोणत्याही कंपनीचा बल्ब घरच्या होल्डरमध्ये बसतो, तसेच हे.

या अनुभवाच्या कसोटीवर 'दुरुस्ती-सुलभता निर्देशांक' तपासून पाहू. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये त्याचा आराखडा सादर केला. वस्तू किती सहज उघडते, दुरुस्तीची माहिती, सुटे भाग वेळेत मिळणे, सॉफ्टवेअरची सुधारणा, लागणारी हत्यारे आणि स्क्रूसारखे जोड, असे त्यात सहा निकष आहेत. विकत घेण्यापूर्वीच ग्राहकाला वस्तूचे गुणपत्रक दिसावे, ही कल्पना स्वागतार्ह आहे.

परंतु आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला, आराखड्याने सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून करायचे सुचवले. लॅपटॉप मागे राहिला. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून असा निर्देशांक लागू केला, तेव्हा पहिल्याच यादीत लॅपटॉप होता. दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. सुटा भाग मिळणे वेगळे आणि तो कोणाचाही चालणे वेगळे. भाग फक्त मूळ कंपनीचाच चालत असेल, तर त्याची किंमत आणि आयुष्य तीच ठरवते. कित्येक पातळ लॅपटॉपांत तर साठवणुकीची चिप मुख्य पाटीवर डाखच दिलेली असते. ती बिघडली की बहुधा पाटीच बदलावी लागते. म्हणून 'दुसऱ्या उत्पादकाचा भाग बसतो का?' हा सातवा निकष हवा. बेळगावच्या दुकानात आमचे काम झाले ते नेमके याच गुणामुळे.

शिक्षकमित्रहो, शाळेत एखादा बंद लॅपटॉप पडून असेल, तर वीजजोडणी आणि बॅटरी काढून तो मुलांसमोर उघडा. बॅटरी मात्र फोडू नका. डिस्क पट्टीने मोजा, पिना मोजा आणि सात निकषांवर मुलांनाच गुण देऊ द्या. भंगारात काय टाकायचे आणि काय नाही, हे मग तीच सांगतील.