मिसेलमधली गर्दी आणि वेगाचा हिशेब

जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधातला रंग म्हणजे क्रिस्टल व्हायोलेट. त्याच्या विरळ द्रावणात कॉस्टिक सोडा घातला की हायड्रॉक्साइड आयन त्या धनभारित रेणूला जाऊन चिकटतो आणि रंग हळूहळू उडतो. त्यात थोडे सीटॅब, म्हणजे साबणासारखा धनभारित सर्फॅक्टंट, घातले की रंग भराभर उडू लागतो. सीटॅबऐवजी एसडीएस हा ऋणभारित सर्फॅक्टंट घातला, तर तो रेंगाळतो. अर्नेस्ट ग्रुनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५९मध्ये याच कुळातल्या रंगांवर हे मोजले, आणि सर्फॅक्टंट व अभिक्रियेचा वेग यांच्या नात्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

कारण ऐकायला सोपे आहे. ठरावीक संहतीच्या वर, म्हणजे सीएमसीच्या वर, सर्फॅक्टंटचे रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून मिसेल बांधतात. शुद्ध पाण्यात २५ अंशांना ही मर्यादा एसडीएससाठी लिटरला सुमारे ८ मिलिमोल आणि सीटॅबसाठी सुमारे ०.९ मिलिमोल असते. रंगाचा तेलकट रेणू दोन्ही प्रकारच्या मिसेलकडे ओढला जातो. पण सीटॅबचा धनभारित पृष्ठभाग हायड्रॉक्साइडलाही जवळ बोलावतो, तर एसडीएसचा ऋणभारित पृष्ठभाग त्याला दूर लोटतो.

ही जवळीक किती असते, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. लिटरभर पाण्यात १० मिलिमोल सीटॅब असेल, तर मिसेलांच्या ज्या पातळ कवचात अभिक्रिया घडते त्याचे एकूण आकारमान जेमतेम सव्वा मिलिलिटर भरते. त्या कवचात प्रतिआयनांची संहती लिटरला पाच-सहा मोलपर्यंत जाते, मग बाहेरचे द्रावण कितीही विरळ असो. वेग वाढतो तो मुख्यतः या गर्दीमुळे. क्लिफर्ड बंटन आणि लॉरेन्स रॉमस्टेड यांनी हा हिशेब काटेकोरपणे मांडला, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष मला या सबंध क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: कवचातल्या खऱ्या संहतीने भागून पाहिले, तर मिसेलमधला द्विरेणवीय वेगस्थिरांक बहुतेक वेळा पाण्यातल्याइतकाच, किंबहुना त्याहून कमी निघतो. सर्फॅक्टंट वाढवत नेले की वेग आधी चढतो आणि मग उतरतो, त्याचेही कारण हेच. मिसेल वाढतात, तेवढेच अभिक्रियाकारक अधिक जागेत पांगतात.

मेंगर आणि पोर्टनॉय यांनी १९६७मध्ये मिसेलचे गणित विकरांच्या गणिताच्या जवळ नेऊन ठेवले, तेव्हा मोठ्या आशा निर्माण झाल्या. विकर वेग लाखो-कोटीपट वाढवतात; साध्या मिसेलची मजल बहुधा दहापट, फार तर काहीशे पट. ती तुलना आज मागे पडली, पण तिने मागे ठेवलेली एक सवय अजून टिकून आहे. वेगस्थिरांक विरुद्ध सर्फॅक्टंटची संहती असा आलेख काढायचा, दोन-तीन अज्ञात राशी जुळवून घ्यायच्या, वक्र बिंदूंवर बसला की यंत्रणा सिद्ध झाली असे समजायचे. परमँगनेट, क्रोमिक आम्ल, परसल्फेट यांनी होणाऱ्या ऑक्सिडीकरणांवर आपल्याकडे असे कितीतरी शोधनिबंध निघाले. त्यांतल्या मोजमापामागचे कष्ट खरे आहेत. पण तीन राशी मोकळ्या सोडल्या तर वक्र बसणारच. रेणू मिसेलला किती घट्ट बांधला जातो ते सांगणारा बंधनस्थिरांक स्वतंत्रपणे, वर्णपटावरून किंवा विद्राव्यतेवरून मोजलेला नसेल, तर जुळणीतून आलेल्या आकड्याला मी पुरावा मानणार नाही.

सीएमसीची गोष्टही तशीच. पुस्तकातला ८ मिलिमोलचा आकडा शुद्ध पाण्याचा आहे. लिटरला ०.१ मोल मीठ घातले की एसडीएसची सीएमसी दीड मिलिमोलच्या आसपास उतरते. अभिक्रियेच्या मिश्रणात आम्ल असते, क्षार असतात, बफर असतो, तरी हिशेबात पुष्कळदा पुस्तकातलाच आकडा येतो. एसडीएसच्या द्रावणात पोटॅशिअमचा क्षार टाकून पाहा: पोटॅशिअम डोडेसिल सल्फेट खोलीच्या तापमानाला नीट विरघळत नाही, त्यामुळे पांढरा गढूळपणा येतो. तो डोळ्यांना जाणवण्याइतका नसला, तरी स्पेक्ट्रोफोटोमीटरची शोषकता बिघडवायला पुरतो. थंडीच्या दिवसांत सीटॅबचे स्फटिक बाटलीच्या तळाशी बसतात, तेही ध्यानात ठेवायला हवे.

मिसेल म्हणजे हमखास उत्प्रेरक, हा समज नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या यान एंगबर्ट्स यांच्या गटाने फार चांगला तपासला. डील्स-आल्डर अभिक्रियेत साधे मिसेल उपयोगी पडत नाहीत, उलट अडथळा आणतात. एक भिडू मिसेलच्या आतल्या तेलकट भागात शिरतो, दुसरा पृष्ठभागापाशी थांबतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. मात्र सोडिअमच्या जागी तांबे असलेले डोडेसिल सल्फेट वापरल्यावर, ॲसिटोनायट्राइलमधल्या उत्प्रेरकाविना घडणाऱ्या अभिक्रियेच्या तुलनेत वेग दहा लाखपटींहून अधिक वाढला. १९९८चे हे काम मला आदर्श वाटते, कारण कोणता रेणू नेमका कुठे बसतो याचा शोध त्यात वेगासोबतच घेतलेला आहे.

आज सगळ्यांचे लक्ष संश्लेषणाकडे आहे. कॅलिफोर्नियातल्या ब्रूस लिप्शुट्झ यांनी ई जीवनसत्त्वापासून बनवलेला टीपीजीएस-७५०-एम हा सर्फॅक्टंट २०११मध्ये पुढे आणला, आणि त्याच्या साहाय्याने पॅलेडिअमच्या जोडणी अभिक्रिया पाण्यात, खोलीच्या तापमानाला होऊ लागल्या. सेंद्रिय द्रावकांचा वापर घटवणारे हे काम मोलाचे आहे. पण इथे एक हिशेब करावा लागतो. दोन टक्के द्रावणात हा सर्फॅक्टंट लिटरला साधारण १६ मिलिमोल भरतो, आणि अभिक्रियाकारक असतो बहुधा ५०० मिलिमोल. म्हणजे सर्फॅक्टंटच्या एका रेणूमागे अभिक्रियाकारकाचे सुमारे तीस रेणू. ग्रुनवाल्ड यांच्या रंगांच्या प्रयोगात प्रमाण याच्या अगदी उलट होते. अशा मिश्रणात मिसेल पाहुण्याला सामावून घेत नाही. तिथे तेलाचे थेंब असतात आणि सर्फॅक्टंट त्यांना वेढून असतो. विरळ द्रावणांसाठी रचलेली समीकरणे इथे आहेत तशी लागू करता येत नाहीत. वेग अभिक्रियेने ठरतो की पदार्थ थेंबातून बाहेर पडण्याच्या गतीने, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. पुण्याच्या एनसीएलचे दोराईस्वामी आणि मुंबईच्या यूडीसीटीचे मनमोहन शर्मा यांनी १९८४च्या आपल्या ग्रंथात विषमप्रावस्थी अभिक्रियांसाठी हाच प्रश्न तपशीलवार हाताळला आहे, आणि शर्मांच्या गटाने पुढे सूक्ष्मप्रावस्थांवरही काम केले. संश्लेषणाच्या शोधनिबंधांत उत्पादनाचे टक्के नेमके दिलेले असतात. त्यांच्या शेजारी ढवळण्याचा वेग, थेंबांचा आकार आणि वेळेनुसार रूपांतर किती झाले, एवढे तरी छापले जायला हवे.