बर्नार्ड हर्मन : चित्रपटसंगीतातील अर्थभेद

बर्नार्ड हर्मन (१९११–१९७५) या अमेरिकन संगीतरचनाकाराविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो : त्याला दीर्घ, गेय चाल बांधता येत नसे; म्हणून तो दोन-चार स्वरांचे तुकडे पुनःपुन्हा योजीत असे. हा आक्षेप तपासून पाहण्याजोगा आहे.

१९३४ मध्ये हर्मन न्यूयॉर्कच्या सीबीएस या नभोवाणी संस्थेत दाखल झाला व पुढे तिच्या वाद्यवृंदाचा प्रमुख संचालक झाला. ऑर्सन वेल्सच्या नभोनाट्यांस संगीत देताना काही क्षणांतच प्रसंगाचा भाव उभा करणे भाग असे. चाल पूर्ण होण्यास तेथे अवसर नव्हता. संक्षिप्त स्वरसमूह आणि वाद्यांचा ध्वनिगुण यांवरच भिस्त होती. वेल्सच्याच ‘सिटिझन केन’पासून (१९४१) ही रीत चित्रपटात आली. हॉलिवूडच्या प्रघाताप्रमाणे वाद्ययोजना दुसऱ्यावर न सोपविता हर्मन ती स्वतः करी, हेही याच रीतीस धरून होते.

या रीतीचे मर्म हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) स्पष्ट होते. येथे केवळ तंतुवाद्ये आहेत, आणि त्यांचा आवाज घोडीवरील चापाने दबविलेला आहे. न्हाणीघरातील हत्येच्या प्रसंगी मात्र तो चाप निघतो. हा प्रसंग संगीताविना असावा, असा हिचकॉकचा मूळ विचार होता. हर्मनची रचना ऐकल्यावर त्याने तो बदलला. तेथील कर्कश स्वर भयंकर वाटतात ते केवळ त्यांच्या कर्कशपणामुळे नव्हे, तर आधीच्या दबलेल्या नादाशी असलेल्या त्यांच्या विरोधामुळे. भाषेतील वर्णही असाच अन्य वर्णांहून असलेल्या वेगळेपणामुळे अर्थभेदक ठरतो.

‘वदरिंग हाइट्स’ ही त्याची संगीतिका (१९४३–१९५१) दीर्घ, भावगेय स्वररेषांनी भरलेली आहे. अर्थात चित्रपटातील संक्षेप ही असमर्थता नसून निवड होती. या निवडीची किंमतही त्याने मोजली. १९६६ मध्ये ‘टॉर्न कर्टन’साठी निर्मात्यांना लोकप्रिय होईल असे संगीत हवे होते, हर्मनची रचना नाकारली गेली व हिचकॉकशी असलेला त्याचा सहयोग संपला. संगीतिका तर त्याच्या हयातीत रंगभूमीवर आलीच नाही. १९८२ मध्ये पोर्टलंड येथे तिचा प्रयोग झाला.

चाल चित्रपटाबाहेरही गुणगुणता येते. हर्मनचे स्वरखंड प्रसंगापासून तोडले तर त्यांचा निम्मा अर्थ हरपतो. ही त्यांची मर्यादा खरी. परंतु चित्रपटसंगीत हे चित्रपटाचेच अंग मानले, तर हाच त्यांचा गुण ठरतो.