मोजणारा आणि मोजलेला

माणूस माणसाचेच वर्णन तिऱ्हाईताच्या अलिप्तपणे करू लागला, की विनोद आपोआप जन्मास येतो. 'हा द्विपाद प्राणी दिवसाचा तिसरा हिस्सा निजून काढतो आणि उरलेल्या वेळात वेळ पुरत नसल्याची तक्रार करतो' असे कोणी लिहिले, तर त्यात खोटे काहीच नाही. तरीही आपण हसतो. मधमाशीविषयी असे वाक्य लिहिले तर ते शास्त्र ठरते, कारण लिहिणारा मधमाशी नसतो. माणसाविषयी लिहिणारा मात्र त्याच वाक्यात स्वतः सापडलेला असतो. स्वीडनचा कार्ल लिनियस याने 1735 साली सृष्टीचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, तेव्हा इतर प्राण्यांची लक्षणे त्याने नोंदवली. मनुष्यापाशी येताच, स्वतःला ओळखावे एवढीच सूचना लॅटिनमध्ये लिहून तो पुढे गेला!

या विनोदाचे मराठीतील मूळ शोधताना आम्हां उंद्रीकरांना फार दूर जावे लागत नाही. मराठी विनोदाचे जनक म्हणून ओळखले जाणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (1871–1934) यांनी अकोला येथे आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद येथे वकिली केली. 1902 साली 'विविधज्ञानविस्तार'मध्ये त्यांचा पहिला विनोदी लेख आला, त्याचे नाव 'साक्षीदार'. वकिलाच्या नजरेला हा मनुष्यविशेष प्रथम पडावा, हे स्वाभाविकच होते.

पुढे 1910 साली अशा अठरा लेखांचे 'सुदाम्याचे पोहे' हे पुस्तक निघाले. योगायोग असा, की त्याच वर्षी इंग्रज सरकारने बुलढाणा जिल्ह्याचे गॅझेटियरही प्रसिद्ध केले. दोन्ही पुस्तकांत माणसांचे वर्णन आहे. गॅझेटियरमध्ये लोकसंख्या, जाती, पिके, चालीरीती यांची शिस्तवार नोंद आहे आणि अभ्यासकांना ती आजही उपयोगी पडते. तिचे मोल आम्ही कमी करू इच्छित नाही. परंतु ती वाचताना कोणाला हसू फुटत नाही. लिहिणारा साहेब त्या मोजदादीच्या बाहेर, खुर्चीवर बसलेला आहे. त्याच्या लेखी ते सगळे 'हे लोक' आहेत. कोल्हटकरांचा सुदामा मात्र बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्या शेजारीच मांडी घालून बसतो. ज्या रूढी आणि ढोंगे तो गंभीर चेहऱ्याने मांडतो, त्यांच्या पंगतीत त्याचेही पान वाढलेले असते. आमच्या मते कोल्हटकरांचे खरे यश येथे आहे. त्यांच्या शाब्दिक कोट्यांत नव्हे. 'चोरांचे संमेलन' लिहिणाऱ्या या लेखकाने 1927 साली पुण्यास साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, हेही वाचकाने मनाशी हसून नोंदवावे.

कोल्हटकर ज्योतिर्गणिताचेही अभ्यासक होते. 1913 साली त्यांचा 'भारतीय ज्योतिर्गणित' हा ग्रंथ निघाला. ग्रहांचे गणित मांडणारा स्वतः ग्रह नसतो, म्हणून तेथे निखळ तटस्थता शोभते. माणसांकडे वळताना त्यांनी सुदाम्याचे रूप घेतले, हा भेद आम्हांस फार सूचक वाटतो.

अर्थात त्यांच्या विनोदाला मर्यादा आहेतच. कोटीचा सोस कित्येकदा माणसाला झाकून टाकतो. शिवाय सुदाम्याचे जग मुख्यतः पांढरपेशांचे आहे; उंद्रीच्या शिवारात ज्वारी-कपाशी राखणाऱ्याला त्यात स्वतःचा चेहरा क्वचितच दिसेल. कोल्हटकरांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी यांनी 'बाळकराम' या नावाने हीच वाट पुढे नेली आणि चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाने तर स्वतःची फजिती स्वतःच सांगून हा विनोद घरगुती केला. परदेशातही हेच सूत्र दिसते. 1956 साली होरेस मायनर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने 'नासिरेमा' नावाच्या एका विलक्षण जमातीवर शास्त्रीय लेख लिहिला. दात घासण्यासारखे साधे काम त्यात गूढ विधीसारखे वर्णिले होते. जमातीचे नाव इंग्रजीत उलटे वाचले, की 'अमेरिकन' असे होते! इतरांच्या चालीरीतींची टिपणे काढणाऱ्यांच्या हाती त्याने आरसा दिला.

वाचकहो, आपणही हा प्रयोग करून पाहावा. 'रविवारच्या मिस्सेस येणारा हा प्राणी पुढची बाके रिकामी असताना मागच्या दाराशी दाटीने उभा राहतो, आणि जागा नव्हती असे घरी सांगतो.' हे वाक्य उपदेश म्हणून उच्चारले, तर मागचे लोक दुखावतील. तेच वाक्य दाराशी उभ्या असलेल्यानेच म्हटले, तर सगळे हसतील आणि कदाचित दोघे-चौघे पुढे सरकतीलही. शब्द तेच असतात. बोलणाऱ्याची जागा बदललेली असते.

म्हणून एखादे विनोदी लेखन हाती आले, की लेखकाने स्वतःला यादीत धरले आहे काय, हे आम्ही प्रथम पाहतो. धरले नसेल, तर तो विनोद तुच्छतेकडे झुकण्यास वेळ लागत नाही. जात, बोली, गरिबी यांवरचे कित्येक विनोद याच वाटेने गेले आहेत. जनगणनेच्या वेळी गावोगावचे गुरुजी दारोदार फिरतात, माणसे मोजतात. परंतु त्या गुरुजींचे आणि त्यांच्या घरच्यांचे नावही कोणत्या तरी यादीत चढावेच लागते. त्यावाचून गणती पुरी होत नाही. विनोदी लेखकालाही आम्ही हाच नियम लावू.